उन्हाळ्याकडे पिकणारं द्राक्ष

नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये तांबड्या वाइनचा हंगाम मार्चमध्ये आटोपतो. शेवटची शिराझ टाकीत पडली की पाइप, क्रशर, क्रेट धुऊन ठेवायचे आणि मग सेलरमधल्या माणसाला जरा मान वर करायला सवड मिळते. युरोपात त्या वेळी वेलींना नुकते डोळे फुटत असतात. तिकडची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. त्यामुळे तयारी असेल तर एकाच माणसाला एका वर्षात दोन हंगाम करता येतात. आमच्या नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड टोळ्या कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या मागे फिरतात, तसे वाइनचे कामगार जगभर तोडणीच्या मागे फिरतात. फरक इतकाच की इथे व्हिसा लागतो. असाच एक हंगाम मी हंगेरीत केला, एगेर नावाच्या गावात. तांबड्या वाइनबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं बरंचसं त्या हंगामानंतर कळलं.

मी संगमनेर तालुक्यातला. पुणे-नाशिक रस्त्यावर आमच्या खाली नारायणगाव आणि वर नाशिक. मराठी माणसाच्या वाइनचा सगळा इतिहास या एका रस्त्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात इंडाजची वायनरी काढली, फ्रान्समधल्या शॅम्पेनवाल्यांकडून तंत्र आणलं आणि ‘ओमर खय्याम’ नावाची फेसाळ वाइन थेट परदेशात विकली. पुढे ती कंपनी मोडली. वर नाशिकला राजीव सामंतांनी 1999मध्ये सुला काढली आणि गंगापूर धरणाच्या बाजूचा सगळा माळ बदलून गेला. मधल्या आमच्या तालुक्याच्या वाट्याला वायनरी आली नाही, फक्त द्राक्ष आलं.

2001मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. करात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. मग कंपन्यांची माणसं गाड्या घेऊन गावोगाव फिरायला लागली. आमचे आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा नाही. पण त्यांनी करार केला आणि थॉम्पसनचा एक तुकडा काढून शिराझ लावली. द्राक्ष विकलं की आपला संबंध संपला, पुढे त्याचं कोण काय करतं ते ज्याचं त्याने बघावं, असं त्यांचं म्हणणं. आजही त्यात मला खोट काढता येत नाही.

वाइनचं द्राक्ष लावल्यावर पहिल्यांदा कळलं की आपण आजवर जे करत आलो ते सगळं इथे उलटं आहे. थॉम्पसनला मणी फुगवायला जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) बुडवण्या द्यायच्या, विरळणी करायची, घड टपोरा आणि पारदर्शक दिसला पाहिजे. वाइनच्या जातीला मणी बारीक हवा, साल जाड हवी, आत बिया हव्यात. कारण तांबड्या वाइनचा रंग, तुरटपणा, वास हे सगळं सालीत आहे. गर जवळजवळ सगळ्या जातींचा पांढराच असतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. बघायला आलेले पाव्हणे म्हणायचे, बागेला पाणी कमी पडलं का हो?

मग 2009च्या सुमारास मागणी ढासळली. एका वर्षी तोडणीच्या तोंडावर कंपनीच्या गाड्या आल्याच नाहीत. नाव घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही आणि बी असल्यामुळे त्याचा बेदाणाही होत नाही. घड वेलीवरच सुकले. पावसाळ्याआधी आप्पांनी जेसीबी लावून बाग काढली आणि डाळिंब लावलं. त्याला पुढे तेल्या रोगाने गाठलं, ती वेगळी कथा. मी तोवर कृषी पदविका घेऊन नाशिकच्या एका वायनरीत सेलरला लागलो होतो. गावात माझी ओळख ‘दारूच्या कारखान्यात आहे’ अशी झाली. आईने कोणाला काही सांगायचं असलं की ती ‘द्राक्षाच्या कंपनीत’ म्हणायची.

सेलरचं काम म्हणजे ग्लास फिरवणं नव्हे. देठ काढून, मणी फोडून साल-बियांसकट सगळा लगदा टाकीत जातो. आंबायला लागलं की वायूच्या जोराने साली वर येतात आणि जाड टोपी धरते. ती दिवसातून दोन-तीनदा मोडायची, किंवा खालचा रस पंपाने वर आणून तिच्यावर सोडायचा. टोपी कोरडी राहिली तर आंबते, शिरक्याचा वास मारते. आठ-दहा दिवसांनी रस काढून घ्यायचा, साली दाबायच्या. हे सगळं होत असताना टाकीला बाहेरून थंड करत राहायचं, नाहीतर तापमान हाताबाहेर जातं. मार्चमध्ये बाहेर ऊन पस्तिशीच्या पुढे, वीज गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल आहे का याची धास्ती. आमच्याकडे तांबडी वाइन ही अर्धी द्राक्षाची आणि अर्धी चिलरची.

आणखी एक काम असायचं, ज्याबद्दल टेस्टिंग रूममध्ये कोणी बोलत नाही. टार्टरिक ॲसिडची पोती. आमची शिराझ साखरेला भरली की तिची आंबटी उतरलेली असते. पीएच मोजला तर पावणेचारच्या वर, कधी चारच्या जवळ. इतक्या सपाट रसाची वाइन टिकत नाही, तिचा रंग विटतो, जिवाणूंना ती आवडते. म्हणून ॲसिड मोजून घालायचं. यात फसवणूक काही नाही. ऑस्ट्रेलियासारखे सगळे उष्ण देश हेच करतात आणि मुळात टार्टरिक हे द्राक्षातलंच आम्ल आहे. पण वरून घातलेली आंबटी आणि मण्यात तयार झालेली आंबटी जिभेवर सारखी बसत नाही, एवढं मला तेव्हाही जाणवायचं. कारण मात्र सांगता आलं नसतं.

एगेर हे बुडापेस्टच्या ईशान्येला, ब्युक नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. मध्ये किल्ला, बाजूला एक उंच सडपातळ मिनार उभा आहे, मशीद कधीच पडून गेलेली. गावाच्या खाली ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे, आणि त्यात हाताने कोरलेली तळघरं मैलोन्‌मैल गेलेली आहेत. आमचाही दगड ज्वालामुखीचाच. पण आमचा बेसाल्ट काळा, टणक, पहार मारली तर ठिणगी उडते. त्यांचा टफ कुदळीने उतरतो. मी ज्या तळघरात राबलो तिथे वर्षाचे बारा महिने दहा-बारा अंश तापमान असायचं, वीज असो वा नसो. भिंतींवर हात ठेवला तर काळी मखमल लागते. ती बुरशी आहे, पिंपांतून उडणाऱ्या वाइनच्या वाफेवर जगते. पहिल्या दिवशी मी ती खरवडायला गेलो नाही हे बरं झालं. तिथे तिला घरातल्या थोरल्या माणसाचा मान आहे.

तळघराचे प्रमुख सत्तरीकडे झुकलेले होते. सगळे त्यांना ‘बाची’ म्हणत, आपण काका म्हणतो त्या अर्थाने. इंग्रजी त्यांना नाही, हंगेरियन मला नाही, मध्ये त्यांची नात. आंबवण चालू असेल तेव्हा सकाळी कोणीही सरळ आत जायचं नाही असा दंडक होता. बाची एका लांब दांड्याला मेणबत्ती लावत आणि ती गुडघ्याच्या उंचीवर धरून पायऱ्या उतरत. आंबणाऱ्या रसातला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. ज्योत विझली की सगळे मागे. त्या भागात या वायूने माणसं गेलेली आहेत, कधी एकाला काढायला दुसरा उतरला म्हणून दोघंही. आमच्याकडे विहिरीत आणि बायोगॅसच्या टाकीत अशीच माणसं जातात. नाशिकच्या सेलरमध्ये गॅस मीटर भिंतीवर असतो, त्याचा आवाज झाला तरच कोणी बघतं. मला मेणबत्ती जास्त पटली. ती पुढे गेल्याशिवाय पाऊलच पडत नाही.

वाइन काढून बघायला त्यांच्याकडे काचेचं एक लांब मानेचं साधन असतं. पिंपात सोडायचं, तोंडाने ओढायचं, फुगा भरला की अंगठ्याने भोक बंद करून वर काढायचं. पूर्वी हेच काम वाळवलेला लांब मानेचा दुधी भोपळा करायचा. बाची भिंतीवर टांगलेला तसा एक भोपळा दाखवत, पण वापरू देत नसत.

त्या साधनातून त्यांनी मला पहिल्यांदा जे पाजलं ते केकफ्रांकोश. ही तिथली मुख्य तांबडी जात. ऑस्ट्रियात तिला ब्लाउफ्रेंकिश म्हणतात. ग्लासात पाहिलं तर आमच्या शिराझपुढे पातळ वाटावी, तळ दिसतो. माझा चेहरा वाचून बाची काहीतरी बोलले. नात म्हणाली, ते म्हणतायत रंग बघून घेऊ नकोस, गीळ आणि थांब. मी थांबलो. आधी अकोले तालुक्याच्या डोंगरातलं अर्धकच्चं करवंद, मग मिरी, आणि गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटत राहिलं. तुरटपणा होता, पण हिरड्या आवळणारा नव्हता. दुसरा घोट घ्यावासा वाटला तो चवीसाठी नाही, तोंड तयार झालं म्हणून. अशी तांबडी वाइन मी तोवर प्यालो नव्हतो. मी तोवर ज्या प्यालो त्या तोंड भरून टाकायच्या, आणि भरलेल्या तोंडाला पुढे काही नको असतं.

मी बाचींना विचारलं, ॲसिड किती घातलं? नातीने भाषांतर केलं आणि दोघंही हसले. तिथल्या थंड वर्षांत उलटी पंचाईत असते, आंबटी जास्त राहते आणि ती उतरवायची कशी हा प्रश्न असतो.

याचं कारण मला कोणी सांगितलं नाही, ते तिथल्या बागेत काम करताना अंगाला कळलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही अर्ध्या बाह्यांत तोडणी केली. ऑक्टोबरमध्ये सकाळी बोटं वाकत नव्हती. म्हणजे द्राक्ष पिकत चाललं होतं आणि हवा गार होत चालली होती. साखर चढते, रंग चढतो, पण रात्री गार म्हणून आम्ल जळून जात नाही. नाशिकला काय होतं? एप्रिलची खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, आणि पिकण्याचे शेवटचे आठवडे फेब्रुवारी-मार्चचे. जानेवारीची थंडी मागे पडलेली, दिवसागणिक ऊन तापत चाललेलं. आमचं द्राक्ष उन्हाळ्याकडे पिकतं, त्यांचं हिवाळ्याकडे. तांबड्या जाती उशिरा पिकणाऱ्या, म्हणून त्यांना फटका जास्त. पांढरी सोव्हिन्यॉ ब्लाँ लवकर तुटते, म्हणून ती आपल्याकडे बरी होते. वाइनवरची जाड पुस्तकं माती, उतार, चुनखडी यावर पानं भरतात. ते खोटं नाही. पण पिकण्याच्या महिन्यात तापमान वर चाललंय की खाली, हा प्रश्न मला मातीपेक्षा मोठा वाटतो.

एगेरची नाव काढलेली वाइन म्हणजे एग्री बिकावेर, ‘बैलाचं रक्त’. गोष्ट अशी सांगतात की 1552मध्ये ओटोमन तुर्कांनी किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार इश्तवान दोबो याने मूठभर शिबंदीला तांबडी वाइन पाजली. दाढ्या लाल झालेले सैनिक पाहून तुर्कांना वाटलं, हे बैलाचं रक्त पिऊन लढतायत. वेढा उठला. गोष्ट झकास आहे आणि बहुतेक खोटी आहे. कारण त्या काळी एगेरमध्ये पांढरी वाइन होत असे. कादार्का ही तांबडी जात तुर्कांपासून पळून उत्तरेला आलेल्या सर्ब लोकांनी आणली असं मानतात, आणि बिकावेर हे नाव सापडतं ते थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. किल्ला मात्र खरा, वेढा खरा, आणि भिंतीवरून उकळतं डांबर ओतणाऱ्या बायकाही त्यांच्या स्मरणात खऱ्या.

किल्ल्यात फिरताना मला नगरचा भुईकोट आठवणं साहजिक होतं. 1595च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने नगरला वेढा घातला. सुरुंगाने तट उडाला, तेव्हा चांदबिबी स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात भगदाड बुजवून घेतलं असं सांगतात. 1596च्या सुरुवातीला तह झाला, वऱ्हाड देऊन नगर वाचलं. त्याच 1596च्या ऑक्टोबरात तिकडे तुर्कांनी शेवटी एगेर घेतलं, ते 1687पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. नगर 1600मध्ये पडलं. मी हे नातीला सांगितलं, तिने बाचींना. त्यांनी विचारलं, तुमच्या राणीच्या नावाची वाइन आहे का? नाही म्हटल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. आमच्याकडे चांदबिबीच्या नावाने महाल आहे आणि तोसुद्धा तिचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे सांगायचं मी टाळलं.

बिकावेर एका जातीची नसते, मिश्रण असतं. कणा केकफ्रांकोशचा, बाकी काबेर्ने फ्रांक, मर्लो, ब्लाउबुर्गर, थोडी कादार्का, ज्याची त्याची चाल. आता तिचे नियम कडक आहेत आणि क्लासिकुस, सुपीरियर, ग्रँड सुपीरियर असे तीन दर्जे आहेत. पण मधली चाळीस वर्षं हेच नाव मातीत गेलं होतं. कम्युनिस्ट राजवटीत सरकारी कारखाना, टँकरच्या टँकर सोव्हिएत संघाला, किती झाली एवढंच मोजायचं. कादार्का उशिरा पिकते, पातळ सालीमुळे सडते, यंत्राला सोयीची नाही म्हणून उपटली गेली. 1990नंतर लोकांनी आपापल्या बागा परत उभ्या केल्या. इटलीत ओर्नेलायाची वाइन करून नाव कमावलेले तिबोर गाल आपल्या गावी एगेरला परतले, त्यांनी बिकावेर पुन्हा मान वर करून विकायला शिकवली. 2005मध्ये ते अपघातात गेले. दक्षिणेला विल्लान्यमध्ये काबेर्ने फ्रांकने असाच जोर धरला. मला तिथली वाइन उत्तम वाटली, तरी माझं मन एगेरवरच. विल्लान्य आपल्याकडच्या माणसाला लगेच आवडेल, कारण ती भरीव आणि उन्हातली आहे. एगेरसाठी जरा बसावं लागतं.

येताना विमानतळावर दोन लिटर दारू बिनकराची आणता येते. तेवढीच आणली, एक बिकावेर आणि एक कादार्का. त्यापुढची आणायची तर तेव्हा दीडशे टक्के सीमाशुल्क होतं, वर राज्याचं उत्पादन शुल्क. म्हणूनच हंगेरीची तांबडी वाइन आपल्या दुकानांत जवळजवळ दिसत नाही. घरी उघडायचा प्रश्न नव्हता. डिसेंबरमध्ये एका मित्राच्या मळ्यात बसलो. चुलीवर मटण, बाजरीच्या भाकरी, कांदा फोडलेला. जमलेल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती टक्के? तेरा म्हटल्यावर निम्म्यांचा रस संपला. एकाने सोडा मागितला. एकाला वाटत होतं वाइन म्हणजे पोर्ट, ती गोड असते आणि रक्त वाढवते, बाळंतिणीला देतात. आपल्या जिल्ह्याचा हात मुळात ब्रँडीचा. श्रीरामपूरच्या टिळकनगरची मॅन्शन हाऊस दक्षिणेत दूरवर जाते, आणि प्रवरेच्या दोन्ही काठांना उसाची मळी आहेच. तिथे तेरा टक्क्यांची आंबट तांबडी कोण विचारतो.

पण मटण वाढलं गेलं आणि मी एक गोष्ट मुद्दाम करून बघितली. बिकावेरच्या शेजारी नाशिकची एक महागडी, ओकच्या पिंपात मुरवलेली काबेर्ने ठेवली. नुसती प्यायला सगळ्यांना काबेर्ने आवडली. काळ्या रश्श्याच्या दोन घासांनंतर तीच कडू आणि तिखट लागायला लागली, घशाला चटका देऊ लागली. तिखट तोंडात असलं की वाइनमधला अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही वाढून लागतात. बिकावेर टिकली. कादार्का तर रश्श्यावर अशी उतरली की बाटली आधी तीच संपली. यात नवल नाही. हंगेरियन माणूस कादार्का पितो तीच लाल तिखटाच्या मासळीच्या रश्श्याबरोबर. मिरची अमेरिकेतून निघाली, आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आली आणि तिकडे तुर्कांच्या मुलखातून, आणि दोन्हीकडे रस्सा लाल केला. त्यांचं तिखट आपल्यापेक्षा पुष्कळ सौम्य, पण वाइनने त्याच्याशी जुळवून घेतलेलं आहे. आपल्या वाइनने अजून आपल्या ताटाकडे बघितलेलं नाही. ती पंचतारांकित हॉटेलातल्या स्टेककडे बघून केलेली असते. सोडावाला मित्र शेवटी म्हणाला, “आंबट आहे गड्या, पण मटणाला चालती.” यापेक्षा नेमका शेरा मी कुठल्या टेस्टिंगमध्ये ऐकलेला नाही.

माझ्या जिल्ह्यात वाइनबद्दल लिहायचं तर अण्णा हजाऱ्यांच्या राळेगणसिद्धीला वळसा घालून जाता येत नाही. जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. कारण दिलं शेतकऱ्यांच्या फायद्याचं. अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला, मग ग्रामसभेनंतर ते स्थगित केलं, आणि तो निर्णयही पुढे सरकला नाही. मी या धंद्यात आहे म्हणून मी अण्णांना हसावं अशी काहींची अपेक्षा असते. मी हसत नाही. ज्या माणसाने गावातल्या भट्ट्या बंद करून गाव उभं केलं, त्याला बाटली म्हणजे बाटलीच दिसणार. आमच्या गावात बायकांनी दारूबंदीसाठी आडव्या बाटलीचं मतदान मागितलं तेव्हा माझी आई त्यांच्यात होती. आणि शेतकऱ्यांच्या फायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या द्राक्षाचा अगदी लहानसा हिस्सा वाइनला जातो, बाकी खायला आणि बेदाण्याला. सुपरमार्केटच्या एका फळीने संगमनेरच्या शेतकऱ्याचं कर्ज फिटणार नव्हतं. आप्पांच्या बागेला गाडी आली नाही ती दुकानं कमी होती म्हणून नव्हे.

ज्यांना प्यायचीच आहे, आणि वय एकवीसच्या पुढे, परवाना खिशात, त्यांनी दोन साध्या गोष्टी कराव्यात. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ती खोली युरोपातली आहे, सोळा-सतरा अंशांची. आपल्या एप्रिलच्या खोलीत तांबडी वाइन म्हणजे कोमट काढा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग उघडा. आणि बाटली फ्रिजच्या डोक्यावर किंवा गोदरेजच्या कपाटावर उभी ठेवू नका, तिथे ती सहा महिन्यांत मरते. एवढं केलं की नाशिकची आहे तीच वाइन निम्म्याने सुधारते. हंगेरीची मिळाली तर लेबलवर सुपीरियर बघा, आणि पांढऱ्या कागदावर धरून रंग फिका वाटला म्हणून परत करू नका.

माझं खरं सांगणं बागायतदारांना आहे. संगमनेरचा पठार भाग पर्जन्यछायेतला. सप्टेंबरचा पाऊस आपल्याकडेही येतो, पण दिंडोरी-इगतपुरीकडची दिवसचे दिवस झिमझिम नाही. पानं वाळतात, केवडा रोगाला तेवढी सवड मिळत नाही. तिथे तांबड्या जातीची गोडी छाटणी ऑगस्टच्या अखेरीस घेतली, तर घड डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिकेल आणि उन्हाळा लागायच्या आत तुटेल. फवारण्या वाढतील, एखाद्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस येऊन नुकसानही होईल, हे मी नाकारत नाही. म्हणून सगळी बाग नको, अर्धा एकर पुरे. करार मात्र लेखी करून घ्या, आणि गाडी न आल्यास भरपाई किती हे त्यात आकड्यात लिहून घ्या. द्राक्ष जानेवारीत तयार झालं तर मला कळवा. रस तपासायला मी पीएच मीटर घेऊन येतो, पोतं आणणार नाही.